खंडेनवमीचा हातोडा

"आधी चिमटा सरळ कर. बाकीचं मागनं बघ," आप्पा ओसरीतल्या खाटेवरून म्हणाले.

मी अंगणात पोतं अंथरून त्यावर त्यांची सायकल उलटी उभी केली होती. पुढचं चाक ज्या दोन पायांत बसतं तो चिमटा मागं वळून नळीला टेकला होता आणि चाकाची रिम दुमडलेल्या पापडासारखी झाली होती. बघवत नव्हतं, म्हणून मी आधी मागच्या चाकाकडे वळले होते.

"मागून पुढं यायचं, असं तुम्हीच शिकवलंय ना?" मी म्हणाले.

"शिकवलं आसंल. आता सांगतोय ते कर. चिमटा!"

आप्पांचा उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता, पण आवाजाला काही झालं नव्हतं. त्या आवाजानं त्यांच्या कारखान्यातली पोरं हातातलं काम टाकून उभी राहायची. मी मात्र त्यांचीच मुलगी, हट्टात त्यांच्यापेक्षा दोन बोटं वरच. मी गुपचूप मागच्या चाकाचा नट सैल करायला घेतला. आप्पा ओसरीतून माझ्याकडेच बघत होते, पण काही बोलले नाहीत.

या गोष्टीला चाळीसएक वर्षं झाली. मी तेव्हा कोल्हापूरला पंपांच्या कारखान्यात फिटर होते. बाई हातात पाना धरते कशी, हे बघायला लोक खिडकीशी येऊन उभे राहायचे. महिन्यातून एखादा दिवस मी गावी यायची, आईच्या हातचं खायची, आप्पांशी वाद घालायची आणि परत जायची. त्या वेळी मात्र अपघाताची तार आली आणि मी नवरात्रातच रजा टाकून धावत आले.

सायकल म्हणजे आमच्या घरातलं थोरलं अपत्य. मोठ्या लढाईच्या आधीची, विलायती बनावटीची, तारांऐवजी सळ्यांचे ब्रेक असलेली. आप्पांच्या उस्तादांनी मरताना ती त्यांच्या हवाली केली होती. गर्द हिरव्या नळ्यांवर एक बारीक सोनेरी रेघ होती आणि ती रेघ दर दसऱ्याला आप्पा नव्यानं ओढायचे. पट्टी नाही, दोरा नाही. श्वास रोखून कुंचला टेकवायचे आणि एका दमात हँडलपासून सीटपर्यंत यायचे. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. आप्पा नुसत्या नजरेनं सुताचा फरक सांगायचे. कारखान्यात दोन इंजिनिअरांचं जमेना की साहेब म्हणायचे, "विश्राम मिस्त्रींना एक डोळा लावू दे." ते निवृत्त झाल्यावरही लोक त्यांना दाराची चौकट दाखवायला घेऊन जायचे आणि ते रुबाबात जायचे. त्या डोळ्याचा त्यांना भारी अभिमान होता. गेल्या दोन दसऱ्यांना त्यांनी रेघ ओढली नव्हती. "हल्लीच्या रंगात दम न्हाई," म्हणाले होते, आणि मला ते पटलंही होतं.

अपघात झाला तिसऱ्या माळेच्या सकाळी, विट्याच्या रस्त्यावर. आप्पांचं म्हणणं, डेअरीचा टेम्पो मागून आला आणि त्यानं उडवलं. टेम्पो चालवणारा रंगा माळी म्हणत होता, टेम्पो रस्त्याकडेला उभा होता, मी इंजिनात घालायला विहिरीवरून पाणी आणायला गेलो होतो, आवाज झाला म्हणून पळत आलो तर मिस्त्री खाली पडलेले. बघणारं तिसरं कुणी नव्हतं. रंगाचं नाव आधीच खराब होतं. टेम्पो असा हाणायचा की रस्त्यावरची कोंबडी त्याच्या हॉर्नला ओळखायची. आणि दुसऱ्या बाजूला विश्राम पांचाळांचा शब्द. गावानं पंधरा मिनिटांत निकाल देऊन टाकला. पोलिसांनी रंगाचं लायसन जमा केलं, मालकानं त्याला घरी बसवलं, आणि आता केस कोर्टात गेली की पोरगं आत जाणार असं सगळे बोलत होते. त्याला वर्षाची मुलगी होती. मला त्याचं काही वाटत नव्हतं. माझ्या बापाचा पाय मोडला होता, मला रंगाला फोडून काढावंसं वाटत होतं.

मी मागचं चाक फिरवलं आणि बघत राहिले.

आप्पांनी मला कामाची पहिली गोष्ट शिकवली ती ही, की मोडलेली वस्तू हातात आली तर लगेच हातोडा उचलायचा नाही. आधी तिला विचारायचं, बाई, तुला कुठून लागलं? ती सांगते. वाकलेला भाग कुठे ढकलला गेलाय ते बघितलं की दणका कुठून आला ते कळतं. लहान असताना मी मोडक्या कंदिलापुढे बसून मोठ्यानं विचारायची आणि आप्पा हसून लोटपोट व्हायचे.

मागचं चाक भोवऱ्यासारखं सरळ फिरत होतं. मागच्या मडगार्डवर ओरखडा नव्हता. कॅरियर जागच्या जागी होता. मडगार्डवरची तांबडी काच, जी बोटानं टिचकी मारली तरी फुटेल, ती शाबूत होती.

मी पुढे सरकले. चिमटा मागे गेलेला. पुढची नळी हँडलच्या खाली सुरकुतलेली, तिथला रंग तडकून निघालेला. पुढच्या मडगार्डवर पिवळ्या रंगाचा बोटभर पट्टा घासून बसला होता. डेअरीचा टेम्पो मी लाख वेळा बघितला होता. तो पुढून निळा होता. पिवळं होतं ते त्याचं मागचं फळकं.

मी ओसरीकडे बघितलं. आप्पा आढ्याकडे तोंड करून पडले होते.

"झाला का चिमटा?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून," मी म्हणाले आणि सायकलीवर दुसरं पोतं टाकलं.

दुसऱ्या दिवशी रंगाची आई आली. तानाक्का. भाजीची पाटी घेऊन दारोदार फिरणारी, तोंडानं फटकळ, पण त्या दिवशी तिच्या डोक्यावर पाटी नव्हती आणि तोंडात शिवी नव्हती. ओसरीच्या खांबाला टेकून ती उभी राहिली. आई तिला बस म्हणाली नाही. आईनं असं कुणाशी वागलेलं मी पहिल्यांदा बघत होते. आई सुपात तांदूळ घेऊन बसली होती आणि मान वर करत नव्हती.

"मिस्त्री," तानाक्का म्हणाली, "माज्या पोराची चूक आसंल तर त्याला फासावर द्या. मी आडवी येनार न्हाई. पर एकदा माज्याकडं बघून सांगा. त्यानं तुमास्नी मागनं मारलं?"

आप्पांनी तिच्याकडे बघितलं नाही. दारापाशी रिकामी खुर्ची होती, तिच्याकडे तोंड करून ते म्हणाले, "मागनं आला. दिलाय मी जबाब."

"माज्याकडं बघून सांगा म्हनलं मी."

"सांगितलं न्हवं!"

तानाक्कानं पदर तोंडाला लावला. जाताना ती माझ्यासमोर थांबली, पोत्याखालच्या सायकलीकडे तिनं एकदा बघितलं आणि मग माझ्याकडे. "तू तर ह्यातली जानकार हायस ग बाय," एवढंच म्हणाली. मी जमिनीकडे बघत राहिले. माझा बाप, ज्यानं कारखान्यात स्वतःच्या हातून फुटलेल्या साच्याचं खापर कधी दुसऱ्यावर फोडलं नाही, तो त्या बाईच्या तोंडाकडे बघू शकत नव्हता. मला त्यांचा राग आला, आणि असा राग आल्याची लाजही वाटली.

आईला मी चुलीपाशी गाठलं. "आई, आप्पा खोटं बोलतायत."

आई भाकरी थापत राहिली. "तू तुझं काम कर. दसरा होऊ दे नीट."

"त्या पोराचं वाटोळं होईल."

"हिरे, गप बस म्हनलं ना!" आई माझ्यावर ओरडली आणि भाकरी तिच्या हातातच फाटली.

मग खंडेनवमी उजाडली.

आमच्या घरात दिवाळीपेक्षा खंडेनवमी मोठी. आदल्या दिवशी सगळी हत्यारं राखेनं घासून, तेलाचं बोट लावून ठेवायची. सकाळी धुतलेल्या पाटावर ती मांडायची. हातोडे, कानशी, पाने, छिन्न्या, पकडी, मधोमध आप्पांच्या उस्तादांचा मोठा हातोडा. हळदकुंकू, झेंडूची फुलं. आणि एकदा का कुंकू लागलं की दसऱ्याची पूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, त्यांनाही एक दिवस पाहिजे, असं आप्पा म्हणायचे. हे ते नुसतं म्हणायचे नाहीत. एका खंडेनवमीला आमच्या दाराची कडी आतून अडकली, तर या मनुष्यानं पेचकस उचलला नाही. अख्खं घर दिवसभर खिडकीतून आत-बाहेर करत होतं, आणि माझी आत्या, जी अंगानं भरभक्कम होती, ती खिडकीत अडकून बसली तरी आप्पांचं मन द्रवलं नाही.

आई हत्यारांना कुंकू लावत होती तेव्हा शेजारचे हणमंतकाका कुंपणापलीकडून ओरडले, "मिस्त्री, शिंगटे हवालदार भेटले होते! बंदोबस्तातनं सुटलेत, दुपारी येतायत तुमची सायकल बघायला. पंचनामा राहिलाय म्हणाले."

"येऊ द्या," आप्पा म्हणाले.

हणमंतकाका आत गेले. आप्पा दबक्या आवाजात म्हणाले, "हिरे, हातोडा घे."

मला कळेना. "कुठला हातोडा?"

"मोठा. चिमट्यावर चार घाव घाल, सरळ करून टाक. पिवळा रंग लागला आसंल, त्योबी घासून काढ."

आईचा कुंकवाचा हात हवेतच थांबला. म्हणजे टेम्पोच्या कुठल्या बाजूला लागलं, सगळं त्यांना माहीत होतं.

"आज खंडेनवमी आहे, आप्पा."

"ठावं हाय मला. पाप माझ्या डोस्क्यावर."

"आणि चिमट्याला हातोडा? चिमटा ओढून सरळ करायचा, ठोकला की तडकतो. मला कुणी शिकवलं हे?"

"तडकू दे! एवढं सांगितलेलं ऐक. बाप म्हनून सांगतोय."

समोर पाटावर तो हातोडा होता, दांड्याला उस्तादांच्या आणि आप्पांच्या हातांनी खळगे पडलेला, डोक्यावर कुंकू घेऊन बसलेला. उचलला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. पाच मिनिटांनी रंगा खोटा ठरला असता आणि माझा बाप खरा. मला माझा बाप खरा ठरायला हवाच होता. पण अशा रीतीनं?

"आप्पा," मी म्हणाले, "मी सायकलला विचारलं."

त्यांनी खाटेची कड घट्ट धरली.

"म्हणाली, समोरून लागलं. मागून कुणी आलंच नाही. टेम्पो उभा होता."

"तिला काय कळतंय!" आप्पा ओरडले. "तू न्हाई घेत, तर मी घेतो!"

त्यांनी प्लास्टरचा पाय दोन्ही हातांनी उचलून खाटेखाली टाकला, दुसऱ्या पायावर जोर देऊन उठले आणि खांबाला धरून पाटाशी खाली बसले. आई "अहो, अहो" करत पुढे झाली. आप्पांनी हात हातोड्याकडे नेला. हातोडा पाटाच्या मधोमध होता, सगळ्यांत मोठा, उन्हात चमकणारा. त्यांचा हात त्याच्या शेजारून गेला. कुंकवाच्या करंड्याला लागला, करंडा कलंडला. हात परत आला, झेंडूच्या फुलांवरून फिरला, कानशीवर अडखळला. त्यांनी कानस उचलली, मुठीत धरली, आणि ती हातोडा नाही हे हाताला कळल्यावर तिथेच थांबले. पाटावर, त्यांच्या धोतरावर, सगळीकडे कुंकू सांडलं होतं. त्यांची मान सरळ होती आणि नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे, भिंतीवर होती.

मला तेव्हा कळलं. रेघ का ओढली नाही ते कळलं, तानाक्काशी बोलताना ते खुर्चीकडे का बघत होते ते कळलं. मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"कधीपासून?" मी आईला विचारलं.

आई रडत होती. "दोन वर्सं झाली. आधी कडंकडंचं दिसंना झालं. आता मधलंबी जातंय. मला शपथ घातली हुती यांनी, तुला सांगायची न्हाई म्हनून."

"आणि सायकल चालवत होतात?" मी आप्पांवर ओरडले. "दिसत नसताना?"

"रस्ता पाठ हाय मला," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. "खड्डान् खड्डा पाठ हाय. टेम्पो तिथं रोज नसतो." मग जरा थांबून म्हणाले, "काय सांगू मी लोकास्नी? दिवसाढवळ्या, हुब्या टेम्पोवर जाऊन आपाटलो? विश्राम पांचाळ? डोळा लावायला ज्याला गाव बोलावतंय, त्यो?"

मी त्यांच्या हातातली कानस काढून जागेवर ठेवली. आईनं आणि मी मिळून त्यांना खाटेवर बसवलं. कुंकू पुसायचं कुणालाच सुचलं नाही.

"मी चिमट्याला हात लावणार नाही," मी म्हणाले. "आणि हवालदारांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही. पण तुमच्या आधी बोलणार नाही."



दुपारी शिंगटे हवालदार आले. मागून रंगा आला. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला, एरवी शीळ घालत फिरणारा तो पोरगा चोरासारखा फाटकापाशी उभा राहिला. हवालदारांनी त्याला हाक मारून पुढे घेतलं आणि खाटेच्या पायथ्याशी उभं केलं. मग त्यांनी सायकलीवरचं पोतं उचललं, वरवर एक नजर टाकली.

"चेपलीय की हो पार. वाईट झालं, मिस्त्री. देवाच्या दयेनं पायावर निभावलं. मागनं धडक, सायकल मोडली, एवढं लिहून घेतो. हे बेणं आता बसतंय आत." शिंगट्यांनी पेनाचं टोपण काढलं.

रंगा माझ्याकडे बघत होता. आई दारात उभी होती, तिनं चौकट घट्ट धरली होती. मी तोंड उघडलं.

"हवालदार," आप्पा म्हणाले, "तुमी कुठं हुबं हायसा?"

शिंगटे हसले. "हा काय, तुमच्यासमोर."

"समोर म्हंजे कुठं? आन् रंगा कुठं हाय?"

हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ रंगा उभा होता. अंगणात कुणी हललं नाही. शिंगट्यांचं हसू हळूहळू मावळलं.

"न्हाई दिसत मला," आप्पा म्हणाले. "त्या दिवशी ह्याचा टेम्पोबी न्हाई दिसला. हुबा हुता त्यो, रस्त्याच्या कडंला. मी जाऊन त्याच्यावर आदळलो. पोरगं पानी आनायला गेलं आसंल, त्यो म्हनतोय ते खरं हाय. मी खोटं बोललो. लिवा." आणि मग कुणाला ऐकू जावं म्हणून नव्हे, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "हात जोडतो, जरा लवकर लिवा."

रंगा मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हुंदके द्यायला लागला. शिंगट्यांनी टोपी काढली, परत घातली. शिव्या घालाव्यात की धीर द्यावा हे त्यांना ठरवता येईना. शेवटी आईकडे पाणी मागितलं. आप्पा ताठ बसून होते. कपाळावर, धोतरावर, हातांवर कुंकू, जणू घरच्यांनी त्यांचीही पूजा केली होती.

दसऱ्याच्या संध्याकाळी रंगा सोनं द्यायला येईल असं मला वाटलं नव्हतं, पण आला. तानाक्काही आली, ओसरीवर बसली आणि आईनं दिलेला चहा "गुळचाट झालाय" म्हणून नावं ठेवत प्यायली. रंगानं आपट्याचं पान आप्पांच्या हातावर ठेवून पायाला हात लावला. आप्पांनी पान चाचपलं, खिशात ठेवलं.

"उद्या ये," आप्पा म्हणाले. "चिमटा वढायला ताकदीचा मानूस पायजे. हिच्यानं व्हायचं न्हाई."

"माझ्यानं होईल," मी म्हणाले.

"दोघं वढा."

दुसऱ्या दिवशी आम्ही चिमटा शिकंज्यात धरला, त्याच्या पायांत तरफेसारखी एक लांब नळी घातली आणि रंगा आणि मी ओढत राहिलो. आप्पा शेजारी स्टुलावर बसून एक हात चिमट्यावर ठेवून होते. "आजून. आजून थोडा. बास!" त्यांनी बास म्हटलं तिथेच तो सरळ झाला होता. पुढे मिरजेच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकवता येईल म्हणाले. आप्पांनी मान हलवली आणि दारातून बाहेर पडताना माझा खांदा धरला. त्यांनी माझा आधार घेतलेला मी पहिल्यांदाच अनुभवत होते.

सुरकुतलेली नळी बदलली, रिम नवी घातली, हिरवा रंग दिला. सोनेरी रेघ राहिली होती. कुंचला माझ्या हातात देऊन आप्पा म्हणाले, "तू वढ." मी म्हणाले, पट्टी घेते. तर म्हणाले, पट्टी घ्यायची असंल तर वढू नगंस. मग मी श्वास रोखला आणि हँडलपासून सीटपर्यंत आले. कशीबशी आले. लांबून बघितलं तर रेघ मला सुरेख दिसत होती, आईलाही दिसत होती, रंगा तर "एक लंबर" म्हणाला.

रंग वाळल्यावर आप्पांनी सायकल जवळ आणायला लावली. तर्जनी रेघेवर टेकवली आणि हळूहळू मागे सरकवत नेली. आम्ही सगळे त्यांच्या बोटाकडे बघत होतो. सीटच्या वीतभर अलीकडे बोट थांबलं, मागे गेलं, परत आलं.

"हितं," ते म्हणाले. "सूतभर खाली गेलीस."

मी आत जाऊन पट्टी आणली आणि मोजलं. सूतभरच गेली होती.